बरोक ल्यूटचा उजवा हात: अंगठा आत की बाहेर, आणि नखांचे काय करावे?

आपला प्रश्न वाचला. आपण आठ वर्षे क्लासिकल गिटार शिकलात आणि आता तेरा जोड्यांची बरोक ल्यूट, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातले बोटांनी छेडायचे तंतुवाद्य, भाड्याने घेऊन वाजवू लागला आहात. एका जाणकाराने आपल्याला सांगितले, की नखे कापल्याशिवाय वादन ऐतिहासिकदृष्ट्या अस्सल होणार नाही. दुसऱ्याने सांगितले, की अंगठा बोटांच्या आतून, तळव्याच्या बाजूने फिरला पाहिजे. दुसरा सल्ला अमलात आणल्यापासून खर्जाच्या शेवटच्या तीन-चार जोड्यांपर्यंत अंगठा पोहोचत नाही आणि मनगट दुखते आहे. यातले खरे कोणते आणि नखे कापावीत की नाही, असे आपण विचारले आहे.

अंगठ्याविषयीचा सल्ला चुकीचा नाही, पण तो आपल्या वाद्याविषयीचा नाही. आपल्याला सांगितलेली ठेवण साधारण 1500 ते 1600 या काळातल्या सहा ते आठ जोड्यांच्या ल्यूटची आहे आणि आपल्या मांडीवर आहे ते अठराव्या शतकातले वाद्य. दोन्हींना ल्यूटच म्हणतात, दोन्हींचा भोपळा नासपतीच्या आकाराचा असतो, त्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो. नखांचा प्रश्न जास्त नाजूक आहे आणि त्याचे उत्तर काही अंशी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. म्हणून आधी अंगठा, मग हाताची जागा आणि शेवटी नखे, या क्रमाने लिहितो.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ल्यूट प्रामुख्याने पिसाच्या नखीने वाजवत. पुढे अनेक स्वर एकाच वेळी वाजवण्याची गरज वाढली, तशी नखी सुटली आणि बोटे आली. पण हाताची जुनी सवय राहिली. नखी धरलेला हात जसा तारांना जवळपास समांतर असतो आणि वर-खाली झुलतो, तसाच तो राहिला; खालचा आघात अंगठ्याने, वरचा तर्जनीने, आणि अंगठा तर्जनीच्या मागून तळव्यात शिरणारा. जलद तानांसाठी ही ठेवण अतिशय सुंदर आहे, कारण जड-हलका असा स्वरांचा झोका तिच्यात आपोआप येतो. आपण सोळाव्या शतकातले संगीत लहान ल्यूटवर वाजवणार असाल, तर मीही आपल्याला हीच ठेवण शिकवीन.

परंतु 1600 च्या आसपास वाद्याला खर्जाच्या जोड्या वाढत गेल्या आणि हाताला नवा मार्ग शोधावा लागला. कोनिग्सबर्गच्या योहान स्टोबेउस याच्या हस्तलिखितात, जे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, स्पष्ट म्हटले आहे, की अंगठा बाहेर ठेवून वाजवलेला स्वर अधिक स्वच्छ, धारदार आणि उजळ येतो, तर अंगठा आत ठेवल्यास तो मंद आणि दबका होतो. बाहेरच्या अंगठ्याने वाजवणाऱ्यांत त्याने जॉन डाउलंडचे नाव घेतले आहे, आणि डाउलंड सुरुवातीला अंगठा आत ठेवूनच वाजवत असे, हेही नोंदवले आहे. म्हणजे त्या काळातल्या सर्वांत नामवंत वादकांपैकी एकाने हाताची ठेवण मध्येच बदलली. बेसार्ड या फ्रेंच ल्यूटवादकाच्या सूचना 1610 मध्ये लंडनला इंग्रजीत छापल्या गेल्या. त्याही अंगठा बाहेर ताणून ठेवायला सांगतात. मात्र ज्यांचा अंगठा आखूड आहे त्यांनी तो आत घ्यायला हरकत नाही, ते तितके डौलदार नसले तरी त्यांना सोपे जाईल, अशी सवलत देतात. ही सवलत मला फार मोलाची वाटते. चारशे वर्षांपूर्वीचा शिक्षकही समोरच्या माणसाचा हात पाहून बोलत होता.

तेरा जोड्यांची ल्यूट याच्याही शंभर वर्षांनंतरची. ती सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस याच्या काळात, 1718-19 च्या सुमारास पुढे आली. हा जर्मन ल्यूटवादक 1718 पासून ड्रेस्डेनच्या दरबारात होता आणि बरोक ल्यूटसाठी त्याच्याइतके विपुल व थोर लेखन दुसऱ्या कोणी केलेले नाही. तिला तारा चोवीस: पहिल्या दोन जागी एकेरी तारा आणि उरलेल्या अकरा जागी जोड्या. या वाद्यावर अंगठा आत ठेवला, तर बाराव्या-तेराव्या जोडीकडे जाताना तबलीवर टेकलेली करंगळी उचलावी लागते किंवा मनगट आतल्या बाजूला मुरडावे लागते. आपले मनगट दुखते त्याचे कारण बहुधा हेच असावे. दुखणे दोन आठवडे विश्रांती घेऊनही राहिले, तर मात्र ते डॉक्टरांना दाखवा. दुखऱ्या हाताने रियाज करू नका.

वाइसच्या अंगठ्याचीच एक हकीकत आहे. 1722 मध्ये पेटी नावाच्या एका फ्रेंच व्हायोलिनवादकाने त्याच्यावर हल्ला करून त्याच्या उजव्या अंगठ्याचे वरचे पेर दातांनी तोडण्याचा प्रयत्न केला. हल्लेखोराला नेमके ठाऊक होते, की या माणसाचे सगळे संगीत कुठे आहे.

आता हा अंगठा प्रत्यक्षात कसा चालवायचा ते सांगतो. करंगळी तबलीवर, पहिल्या तारेच्या पलीकडे आणि घोडीच्या जवळ, हलकेच टेकवा. अंगठा सरळ पण सैल ठेवून वाद्याच्या मानेच्या दिशेने लांबवा, म्हणजे तो तर्जनीच्या बराच पुढे येईल आणि हाताचा आकार साधारण काटकोनासारखा होईल. आता अकरावी जोडी वाजवा. अंगठ्याच्या पेराची कड दोन्ही तारांवर एकदम टेकली पाहिजे. आधी टेकणे, मग किंचित दाब देणे, मग सुटणे. दाबाची दिशा तबलीकडे असावी, म्हणजे अंगठा सुटल्यावर हवेत न उडता दहाव्या जोडीवर येऊन थांबेल. गिटारवादक नेमके इथे चुकतात. ते अंगठ्याच्या टोकाने तार वर उचलतात, मग जोडीतली एकच तार वाजते आणि दुसरी नुसती खरखरते. हालचाल अंगठ्याच्या मुळापासून, तळव्याला जोडलेल्या सांध्यातून झाली पाहिजे; वरचे पेर वाकता कामा नये.

अंगठा शेजारच्या जोडीवर टेकतो याचा आणखी एक उपयोग आहे, तो मला फार उशिरा कळला. खर्जाच्या सुट्या तारा बराच वेळ गुंजत राहतात, आणि एकापाठोपाठ एक खर्जाचे स्वर वाजले, की त्यांचा गोंधळ होतो. स्वरपंक्ती खाली उतरत असेल, म्हणजे नववी, दहावी, अकरावी अशा क्रमाने जात असेल, तर दहावी वाजवून अंगठा नवव्या जोडीवर टेकतो आणि नववीचा आवाज तिथेच मिटतो. पुढे अकरावी वाजवली की दहावी मिटते. काहीही वेगळे न करता पंक्ती स्वच्छ ऐकू येते. पंक्ती वर चढताना मात्र हे होत नाही: अकरावी वाजवून अंगठा दहावीवर थांबतो, मग तीच वाजते आणि अकरावी मागे गुंजतच राहते. तिथे अंगठा मुद्दाम मागे नेऊन आधीची जोडी मिटवावी लागते. ती कुठे मिटवायची आणि कुठे गुंजू द्यायची, हा तालाचा आणि स्वरसंवादाचा प्रश्न आहे. गुंजणारी जोडी नव्या स्वराशी भांडत असेल तर मिटवा. साराबांदसारख्या संथ नृत्यात दुसऱ्या मात्रेवरचा खर्ज बहुतेक वेळा गुंजू द्यावा.

हाताच्या जागेकडे वळू. गिटारच्या सवयीने आपण तबलीतल्या गोल छिद्रावरच्या जाळीच्या नक्षीवर किंवा तिच्या अगदी जवळ वाजवत असाल. माझ्याकडे येणारे बहुतेक गिटारवादक तसेच वाजवतात. सतराव्या शतकातली फ्रेंच परंपरा हाताला घोडीकडे नेते. शार्ल मुताँ या ल्यूटवादकाचे फ्रांस्वा द त्रॉय याने 1690 मध्ये रंगवलेले चित्र पाहा. त्याचा उजवा हात घोडीच्या किती जवळ आहे, हे पाहून आजचा विद्यार्थी दचकतो. मेरी बरवेल हिच्यासाठी 1670 च्या सुमारास लिहिलेल्या इंग्रजी वहीतही जाळी आणि घोडी यांच्या मधली, पण घोडीकडे झुकणारी जागा सांगितली आहे. न्यूरेम्बर्गला 1727 मध्ये छापलेल्या ग्रंथात एर्न्स्ट गॉटलीब बारोन मात्र जाळी आणि घोडी यांचा बरोबर मध्य सुचवतो आणि तिथून मानेकडे सरकल्यास स्वर मऊ व दुबळा होतो, असे म्हणतो. देश बदलला, पिढी बदलली, तशी जागा थोडी सरकली. पण जाळीवर वाजवा असे यांपैकी कोणीही म्हणत नाही.

असे असताना आजचे पुष्कळ चांगले वादक घोडीपासून दूर का वाजवतात, याचे उत्तर तारांमध्ये आहे. जुन्या तारा मेंढीच्या आतड्याच्या, म्हणजे आपल्या सारंगीला असते तशा तांतीच्या. त्यांचा ताण कमी असे. आजही ल्यूटच्या एका तारेवर साधारण अडीच ते साडेतीन किलोचा ताण ठेवतात, तर गिटारच्या तारेवर तो सात किलोच्या आसपास असतो. कमी ताणाची तांत जाळीपाशी वाजवली तर बोटाखाली लिबलिबीत लागते आणि स्वर फुगून विस्कटतो. तीच घोडीपाशी बोटाला घट्ट विरोध करते आणि स्वर नीट बांधलेला येतो. उलट कार्बनच्या किंवा धातू गुंडाळलेल्या तारा घोडीपाशी कर्कश आणि पत्र्यासारख्या वाजतात, म्हणून हात आपोआप मागे सरकतो. म्हणजे तार हाताची जागा ठरवते आणि हाताची जागा अंगठ्याची ठेवण ठरवते, कारण घोडीच्या इतक्या जवळ अंगठा आत ठेवायला जागाच उरत नाही. जुन्या ग्रंथातली एकच सूचना सुटी काढून वेगळ्या तारांच्या वाद्यावर लादली, की ती निरर्थक वाटू लागते. हे मी इतक्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे, की आता कोणी हाताविषयी विचारले तर मी आधी तारांविषयी विचारतो.

आपण तारांविषयी काहीच लिहिलेले नाही. भाड्याच्या वाद्याला बहुधा कृत्रिम तारा असतील आणि आपण कोकणपट्टीत किंवा मुंबईत राहत असाल, तर सध्या त्याच राहू द्या. पावसाळ्यातल्या दमट हवेत तांत फुगते, तिचे तंतू सुटतात आणि चोवीस तारा जुळवण्यातच बैठक संपते. तांतीच्या गुणधर्मांच्या जवळ जाणाऱ्या कृत्रिम तारा आता मिळतात. त्यांवर हात घोडीकडे नेता येतो. पुढे कधी तरी निदान पहिल्या पाच जोड्यांना खरी तांत लावून कोरड्या हिवाळ्याचे दोन महिने वाजवून पाहा. त्या दोन महिन्यांत हात जे शिकेल ते मला इथे लिहून सांगता येणार नाही.

आता नखे. इथे जुनी लिखित साधने एकमेकांशी भांडतात असे वरवर पाहता वाटते. अलेस्सांद्रो पिच्चिनीनी हा इटालियन ल्यूटवादक 1623 मध्ये बोलोन्याहून लिहितो, की अंगठ्याचे नख फार वाढवू नये, पण इतर बोटांची नखे मांसाच्या थोडी पुढे आलेली आणि लंबगोल असावीत. टॉमस मेस हा ल्यूटवादक 1676 मध्ये इंग्लंडमधून लिहितो, की तारा नखांनी छेडू नयेत, कारण बोटाच्या मांसल टोकाने येतो तसा गोड स्वर नखाने येत नाही. दोघेही अनुभवी होते आणि दोघेही स्वतःच्या हाताविषयी लिहीत होते.

पण मेसचा पुढचा भाग लोक वाचत नाहीत. तो म्हणतो, की अनेक वाद्यांच्या मेळात नख चालेल, कारण तिथे ल्यूटचा गोडवा गर्दीत हरवतोच. एकट्याने वाजवताना मात्र त्याला नखाने कधी समाधान मिळाले नाही. आणि वाइसने 1723 मध्ये हॅम्बुर्गच्या माटेझोन या संगीतशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे, की थिओर्बो आणि आर्चल्यूट ही लांब मानेची ल्यूटच्या कुळातली वाद्ये सामान्यतः नखांनी वाजवली जातात आणि जवळून त्यांचा स्वर खरखरीत, कठोर लागतो. पिच्चिनीनीचा ग्रंथही ल्यूटबरोबर कितारोनेसाठी, म्हणजे थिओर्बोच्याच कुळातल्या लांब मानेच्या वाद्यासाठी आहे. तीन माणसे, तीन देश आणि शंभर वर्षांचे अंतर. तरीही तिघांचे म्हणणे शेजारी ठेवले, की भांडण बरेचसे मिटते. साथीला, मेळात, मोठ्या जागेत आणि लांब मानेच्या वाद्यांवर नख. छोट्या दालनात, एकट्याने, जोडतारांच्या ल्यूटवर मांस. आपण वाइसच्या एकल रचना वाजवू इच्छिता, तेव्हा साधनांचा कौल मांसाच्या बाजूने आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

यामागचे कारण बोटाला कळते. जोडीतल्या दोन तारांत जेमतेम चार-पाच मिलिमीटरचे अंतर असते. पेराचा मऊ भाग त्या दोन्हींवर एकदम बसतो, दोन्ही किंचित दबतात आणि एकाच क्षणी सुटतात. कानाला एकच भरीव स्वर ऐकू येतो. नख एका तारेवरून घसरून दुसरीवर जाते आणि नीट कान दिला तर स्वराच्या आधी एक बारीक ‘टक्’ ऐकू येते. जोडतारांच्या वाद्यावर हा दोष दुप्पट होतो. आपल्याकडे तानपुरा छेडतानाही नख लागले की जाणकार लगेच मान वर करतो. तार बोटाच्या कडेने कुरवाळत सोडायची असते. तो स्पर्श आपण कधी घरी पाहिला असेल, तर ल्यूटवर तो उपयोगी पडेल.

मी स्वतः गिटारवरून आलो आणि पहिली तीन वर्षे नखे ठेवूनच ल्यूट वाजवली. मी वाजवत होतो ते तंत्रात बसत होते, पण पहिली तांत नखाने आठवड्याभरात झिजून केसाळ व्हायची आणि मी तारांनाच दोष देत होतो. शेवटी एका डिसेंबरात नखे कापली. पहिले सहा आठवडे आवाज इतका क्षीण येत होता, की चूक केली असे रोज वाटायचे. नंतर टोकाची कातडी थोडी घट्ट झाली, बोट तारेत किती खोल घालायचे याचा अंदाज आला, आणि तिसऱ्या महिन्यात कधीतरी आवाज परत आला. तो आधीपेक्षा लहान असला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला अधिक स्पष्ट पोहोचत होता. हा बदल अर्धवट करता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. आठ दिवस नखे कापून निर्णय घेऊ नका.

परंतु गिटारच्या शिकवण्या किंवा कार्यक्रम हा आपला चरितार्थ असेल, तर मी नखे कापा असे सांगणार नाही. त्या परिस्थितीत पिच्चिनीनीचाच मार्ग धरा. तो सांगतो, की आधी बोटाच्या मांसाने दोन्ही तारा तबलीकडे दाबाव्यात आणि मग नख त्यांवरून निसटू द्यावे. नखे जेमतेम मांसाबरोबर राहतील इतकी कापून, कडा आरशासारख्या गुळगुळीत घासून, हा आघात साधता येतो. वाइसच्या संगीताला ती पहिली निवड नाही. पण ती त्या परंपरेच्या बाहेरचीही नाही, आणि कोणी त्यावरून आपल्याला अप्रामाणिक म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका.

‘अस्सल’ या शब्दाविषयी एवढेच सांगायचे आहे, की जुन्या साधनांतली एखादी सूचना आज्ञा म्हणून न घेता, ती देणाऱ्याच्या हातात कोणते वाद्य होते, कोणत्या तारा होत्या आणि त्याला काय ऐकायचे होते, हे आधी विचारा. यासाठी सर्वांत विश्वासार्ह साधन ग्रंथांपेक्षा संगीताच्या पानावरच असते. सतराव्या शतकातल्या फ्रेंच अक्षरलिपीत, म्हणजे कोणत्या तारेवर कोणता पडदा दाबायचा हे अक्षरांनी दाखवणाऱ्या लिपीत, अनेक ठिकाणी उजव्या हाताच्या खुणा दिलेल्या असतात: अक्षराखाली एक टिंब म्हणजे तर्जनी, दोन टिंबे म्हणजे मधले बोट, छोटी उभी रेघ म्हणजे अंगठा. आपण गिटारच्या शिस्तीने जिथे दोन बोटे आळीपाळीने घालाल, तिथे कित्येकदा एकच तर्जनी दोन शेजारच्या जोड्यांवरून घसरत जाते, किंवा अंगठा खर्ज सोडून चौथ्या जोडीवर येतो. पहिल्यांदा या खुणा अडचणीच्या वाटतात. त्या तशाच पाळून वाजवा. कोणता स्वर जड आणि कोणता हलका, कोणते वाक्य कुठे श्वास घेते, हे त्या खुणाच सांगतात. बोटे समसमान वाजावीत यासाठी आपण गिटारवर जे कष्ट घेतले, ते इथे काही काळ बाजूला ठेवावे लागतील.

पुढच्या सहा आठवड्यांसाठी सुचवतो ते असे. रोज पंधरा मिनिटे फक्त अंगठा: सातवीपासून तेरावीपर्यंत उतरत आणि परत चढत, करंगळी न उचलता, अतिशय संथ. हात तेराव्या जोडीपर्यंत पोहोचत नसेल तर करंगळी तबलीवर थोडी खर्जाच्या दिशेने सरकवून पाहा किंवा घोडीच्या मागच्या बाजूला टेकवा. हात लहान असेल तर हा बदल लागतोच, आणि त्यात काही गैर नाही. वाद्य पट्ट्याने किंवा मांडीवरच्या कापडाने असे बांधा, की उजव्या दंडाला ते धरून ठेवावे लागणार नाही. मनगटाचे निम्मे दुखणे तिथेच कमी होते. त्यानंतर वाइसचे एखादे सोपे मिनुएट, म्हणजे तीन मात्रांच्या नृत्याची छोटी रचना, घ्या आणि आठवड्यातून एकदा फोन खोलीच्या पलीकडच्या भिंतीपाशी ठेवून ते ध्वनिमुद्रित करा, मांडीजवळ ठेवून नव्हे. ल्यूट वाजवणाऱ्याला जे ऐकू येते आणि चार मीटरवर बसलेल्याला जे ऐकू येते, त्यात फार अंतर असते. पहिले आणि सहावे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर खर्जाच्या जोड्या एकेक स्वर म्हणून वेगळ्या कळतात का, एवढे मला लिहा, आणि वाद्याला कोणत्या तारा आहेत तेही कळवा. मग घोडीपासून किती बोटे दूर वाजवायचे ते ठरवू.